दहापैकी किती

६ जानेवारी २०२५

प्रशिक्षणाचे दोन दिवस संपले. सिद्धेश्वर सर म्हणाले, रोजच्या रोज काहीतरी लिहून ठेवत चला. त्यांना कामाची नोंद म्हणायचं असणार. ती वेगळ्या वहीत आहे. ही माझी.

काम असं आहे. पुण्याची एक संस्था आपल्या जिल्ह्यात समाधान पाहणी करते आहे. ऊस किती गाळला, यंत्रमाग किती चालले, गाड्या किती खपल्या, यावरून प्रगती मोजतात. सर म्हणाले, "पोती मोजतात, झोप कुणी मोजत नाही. आपण झोप मोजायची." सगळे हसले. मी लिहून घेतलं.

घरोघर जायचं, एकोणीस प्रश्न विचारायचे. सतरावा मुख्य. एकंदरीत पाहता, हल्ली तुम्ही तुमच्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहात? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे पूर्णपणे. प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, पदरचा शब्द घालायचा नाही, उत्तर त्याच क्षणी समोरच टॅबवर भरायचं.

मला हे बरं वाटलं. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. गावी करकंबला आई अजून अंगठा देते आणि दिल्यावर दोन दिवस विचारत राहते, कशावर दिला मी? नियम लिहिलेला असला की कुणाला काही विचारावं लागत नाही.

मला होटगी गाव दिलं आहे. बरोबर रुद्राणी, अक्कलकोटकडची, घरी कानडी बोलणारी. एकाच आळीतली सम नंबरची घरं माझी, विषम तिची. ती प्रशिक्षणात सारखी बोलत होती आणि काहीच लिहून घेत नव्हती.

९ जानेवारी

पहिलं घर रत्नम्मांचं. स्टेशनमागच्या आळीत. कडक भाकऱ्या करून सोलापूरच्या दुकानांना देतात. यजमान रेल्वेत गँगमन होते, चार वर्षांपूर्वी गेले. एकुलता मुलगा विरुपाक्ष पुण्यात मोटरसायकलवरून लोकांना जेवण पोचवतो. घरावर पत्रा. एक गुडघा दुमडत नाही, त्यामुळे चुलीपुढे पाय लांब करून बसतात.

मी दारात उभी राहून सतरावा प्रश्न वाचला.

"दहापैकी व्हय? आमच्या विरूचं पाचपैकी असतंय."

मी म्हणाले, इथे दहापैकी आहे.

"किती पडले की पास हुतंय?"

पास-नापास काही नाही, खरं वाटेल ते सांगा, असं मी म्हणाले. हे वाक्य पुस्तिकेत दिलेलंच आहे.

"मोठे साहेब बघत्यात का हे?"

"हो, सगळं बघतात."

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. माझ्या एका चपलेला पिन लावलेली आहे. मी पाय मागे घेतला.

"दहा लिव," त्या म्हणाल्या. "पाणी पिऊन जा की."

पाणी घेतलं नाही. उत्तर देणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे.

बसमध्ये त्यांचाच विचार येत होता. गुडघा तसा, घरात माणूस नाही, आणि तरी दहा. मला वाटलं, हे कुणीतरी आधीच मोजायला हवं होतं.

१७ जानेवारी

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे दोन दिवस घरं बंद होती. आज मागचं सगळं मोजून पाहिलं. माझी एक्केचाळीस घरं झाली. तेहतीस ठिकाणी दहा, बाकी नऊ.

डबा खाताना रुद्राणीचा टॅब उघडा होता. मी मुद्दाम पाहिलं नाही, पण दिसलं. तीन, चार, चार, पाच, दोन.

एकच आळी आहे. भिंतीला भिंत. माझ्या बारा नंबरात दहा आणि तिच्या तेरा नंबरात दोन, असं दर घरी कसं होईल?

२२ जानेवारी

आज पाहिलं. चार वाजता मी स्टँडवर आले तर रुद्राणी लिंबाखालच्या कट्ट्यावर एकटी बसून टॅबवर भराभर भरत होती. एक फॉर्म संपला, दुसरा उघडला. समोर कुणी नाही. मी घड्याळ पाहिलं. चार वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत पाच फॉर्म.

"काय भरतेस?"

"सकाळची घरं."

"तिथेच भरायचं असतं ना?"

"तिथं हात रिकामे असतात व्हय माझे? एकीकडं शेंगा सोलायच्या, एकीकडं पोर धरायचं." मग माझ्याकडे पाहून हसली. "तुला कुणी शेंगा दिल्या का गं कधी सोलायला? नसतीलच दिल्या. तू आलीस की बायका पदर सारखा करून उभ्या राहतात, तहसीलदार आल्यागत."

"मी नियमाने विचारते."

"विचार की. मी कुटं नको म्हणाले?"

बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी हललेही नाही, पण मनात पाच फॉर्म आणि पंचवीस मिनिटं हाच हिशेब चालू होता. एकोणीस प्रश्न पाच मिनिटांत. शेंगा सोलत ऐकलेलं इतकं लक्षात राहतं का कुणाच्या? की मनाने भरते?

२४ जानेवारी

विचित्र प्रकार. अठ्ठावीस नंबरला बजाबाई म्हणून आहेत. दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "दहा."

"मी अजून विचारलंच नाही."

"मग विचार की. दहाच हाय."

शेजारची बाई तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. मी विचारलं, तुम्हाला कुणी काही सांगून ठेवलंय का?

"कोण सांगतंय आमाला? आमच्या मनानं सांगालतो," बजाबाई म्हणाल्या, आणि शेजारणीला कोपर मारलं.

बाकीचे अठरा प्रश्न त्यांनी मान डोलवत ऐकले. सतराव्याला पुन्हा दहा. निघताना पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "काळजी करू नगंस."

मी कशाची काळजी करते आहे, हे त्यांना कुणी सांगितलं?

गावात कुणीतरी पढवतंय. पंचायतीचा कुणी सदस्य असेल, गावाचं नाव वर जावं म्हणून. पण मग विषम घरं कशी सुटली? म्हणजे पढवणाराला माझी घरं कुठली ते ठाऊक आहे. आणि गावात येणाऱ्यांत ते माझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक आहे. माझ्या वाटच्या घरांत दहा सांगायला लावायचं, म्हणजे मीच घरी बसून भरते असं दिसेल.

लिहिल्यावर वाचलं. वाईट वाटलं. खोडलं मात्र नाही.

३० जानेवारी

सिद्धेश्वर सरांना अर्ज दिला. तीन वेळा लिहून काढला. जे पाहिलं तेवढंच लिहिलं. तारीख, जागा, वेळ, पाच फॉर्म, समोर उत्तर देणारी व्यक्ती नव्हती. संशयाचा एक शब्द नाही.

४ फेब्रुवारी

रुद्राणीला आज कमी केलं. सरांनी विचारल्यावर तिने लगेच हो म्हटलं, कट्ट्यावर भरले. तिचे सगळे फॉर्म बाजूला काढले आहेत.

सात रस्त्याला बसथांब्यावर ती भेटली. मी दुसरीकडे बघत होते. तीच जवळ आली.

"वैजू, लिहिलंस ते खरंच आहे की. मला आधी एकदा विचारलं असतंस तर?"

मी म्हणाले, विचारलं होतं, काय भरतेस म्हणून.

"व्हय, विचारलं होतंस." मग म्हणाली, "कामावर आहे म्हणून अप्पा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना नको म्हणत होते. आता काय सांगतील?"

तिची बस आली. माझा स्टीलचा डबा तिच्याकडे होता, तो तिने धुऊन आणला होता.

मी काहीही चुकीचं केलेलं नाही. नियम तिलाही माहीत होता.

११ फेब्रुवारी

विषम घरंही आता माझ्याकडे. रुद्राणीच्या ज्या घरांत तीन आणि चार होते, तिथेही मला दहा मिळतात. म्हणजे तिचे आकडे खोटेच होते. असं म्हणायला हवं. पण तेवीस नंबरच्या बाईंचे डोळे सुजलेले होते आणि आतून कुणीतरी दार आपटलं. दहा म्हणाल्या.

सर खूश आहेत. आपला भाग जिल्ह्यात सगळ्यांच्या वर. टेंभुर्णीला नवीन मुलींची तुकडी घ्यायची आहे, तिला शिकवायला मला पाठवणार. "तुझ्यासारखं काटेकोर कुणी नाही," म्हणाले.

आनंद व्हायला हवा. मला त्यांच्याच आनंदाचा संशय येतो. इतकं समाधान पाहून त्यांना एकदाही आश्चर्य कसं वाटलं नाही?

१३ फेब्रुवारी

सगळं कळलं. क्रमाने लिहिते.

रत्नम्मांच्या एका उत्तराची तारीख राहिली होती म्हणून त्यांच्याकडे गेले. विरुपाक्ष घरी होता. हाताला प्लास्टर, गाडी घसरून पडला. मी नाव सांगताच उठून उभा राहिला.

"तुम्हीच का त्या दहावाल्या ताई?"

मी विचारलं, म्हणजे काय.

"आईनं सगळ्या आळीला सांगून ठेवलंय की. ती पोरगी उन्हातनं पायी येती, दारात उभी राहती, पाणी बी पीत नाही. तिला कुणी कमी द्यायचं नाही." तो हसत सांगत होता. "मला दिवाळीत एका बाईनं दोन स्टार दिल्ते. भाजी सांडली म्हणून. आठ दिवस आयडी बंद. तवापासून आई आकड्याला लई भिती."

मी रत्नम्मांकडे पाहिलं. त्या भाकरी थापत होत्या.

"ते आकडे माझे नव्हते," मी म्हणाले. "तुमचे होते. तुम्ही किती समाधानी आहात असा प्रश्न आहे."

"व्हय, तू तसंच म्हणालीस," त्या म्हणाल्या. "विरूचं गिऱ्हाइक बी तसंच असतंय. जेवण कसं वाटलं म्हणून विचारत्यात आनि काम ह्याचं जातंय."

"मग रुद्राणीला सगळ्यांनी का कमी दिले?"

"तिनं कवा मागितले? माझं घर तिच्याकडं न्हवतं तरी यायची, 'आराम अदीरेन री?' म्हणून बरं हाय का इचारायची, पाटावर बसायची, माझ्या भाकऱ्या उलटायची. आमी बोलायचो. ती परीक्षेला बसलीया असं वाटलंच न्हाय आमाला."

विरुपाक्ष म्हणाला, "ताई, काही चुकलं का?"

मी नाही म्हणाले.

दोनशे चौदा घरं. दोनशे चौदा बायकांनी मला सांभाळून घेतलं आणि मी ते जिल्ह्याचं समाधान म्हणून वर पाठवलं. मी त्यांच्यावर संशय घेतला, पंचायतीवर घेतला, रुद्राणीवर घेतला. मी दिसते कशी, यावर एकदाही घेतला नाही.

१४ फेब्रुवारी

सरांना सगळं सांगितलं आणि लेखी दिलं. माझे फॉर्म रद्द करा, रुद्राणीचे धरा, तिला परत घ्या.

सरांनी कागद उलटा करून ठेवला. "एका पोराच्या बोलण्यावरून?"

"सर, बायकांनीही मान्य केलं."

"किती जणींनी?"

"एकीने."

"मग दोनशे तेराचं तुला काय माहीत?" ते रागावले नव्हते, ते जास्त अवघड होतं. "हे बघ. नियमात फेरतपासणी आहे. दहा घरं पुन्हा घे. चिठ्ठ्या टाकून निवडू. सहा घरांत आकडा बदलला तर तुझे सगळे रद्द. मग तुझी नेमणूक राहत नाही, टेंभुर्णीही नाही. तिचे ग्राह्य धरावे लागतील आणि तिला बोलवावं लागेल. पाच किंवा कमी बदलले तर विषय संपला."

"घ्यायला कोण जाणार?"

"तूच. दुसरं आहे कोण?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागून कुणी बघायला येणार नाही."

ते मला वाचवत होते की फॉर्म वाचवत होते, मला कळलं नाही.

चिठ्ठ्यांत दहावं घर रत्नम्मांचं निघालं. मी लेखी विचारलं की प्रश्नाआधी 'हे माझे मार्क नाहीत' एवढं म्हटलं तर चालेल का. "म्हण," म्हणाले.

१५ फेब्रुवारी

रुद्राणीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली,

"तेवीस तारखेला, रविवारी, पाहुणे मला बघायला येणार आहेत. त्याच्या आत काही होतंय का तुझं?"

"बघते."

"तू बघ, पण भरताना तिथंच भर हं," म्हणाली. हसली की नाही ते फोनवर कळलं नाही.

१९ फेब्रुवारी

सहा घरं झाली. तीन बदलली, तीन तशीच.

मी टॅब पिशवीत ठेवते. बसते. जे काम चालू असेल त्याला हात लावते. मला ते जमत नाही. माझ्या वाती एका बाईने उसवून पुन्हा वळल्या. बोलणं संपलं की प्रश्न वाचते आणि मग टॅब काढते. एका घरी काढायचं राहिलं आणि गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहून भरलं. तसं सरांच्या वहीत लिहून ठेवलं आहे.

तेवीस नंबरच्या बाईंनी एक सांगितला. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "बरं वाटलं." हे भरायला टॅबवर जागा नाही.

२० फेब्रुवारी

नऊ घरं झाली. पाच बदलली, चार तशीच.

त्या चारांचा विचार करते आहे. बजाबाईंनी आज पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि "कसं सांगू बाई" म्हणून सुरुवात केली. तेवढ्यात सासूबाई आत आल्या आणि बजाबाई दहा म्हणाल्या. मी थांबू शकत होते. सासूबाई कोठीत जाईपर्यंत दहा मिनिटं बसले असते तर चाललं असतं. मी उठले. सासूबाई आल्या तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे.

रुद्राणीचा अर्ज मी तीनदा लिहिला होता. माझ्या बाबतीत दहा मिनिटं बसवलं नाही.

आईचा फोन होता. टेंभुर्णीला साहेबीण होऊन जाणार म्हणून तिने गल्लीत पेढे वाटले आहेत. मी तिला काही सांगितलं नाही.

उद्या रत्नम्मा.

२१ फेब्रुवारी

सकाळी दहाला पोचले. विरुपाक्ष परत गेला आहे. प्लास्टर निघायला अजून तीन आठवडे होते.

"एका हातानं गाडी चालवतोय," रत्नम्मा म्हणाल्या. "मला म्हनतोय हाफिसात बसवलंय. मी बी व्हय म्हनाले."

मी पाटावर बसले. त्यांनी वाळलेल्या भाकऱ्यांची चळत माझ्याकडे सरकवली, तुटक्या वेगळ्या काढायला. मी म्हणाले, आज जे विचारणार आहे ते माझे मार्क नाहीत. खरंच नाहीत.

"कळलं गं. विरूनं शिकवलंय मला."

मग त्या बोलत राहिल्या. गुडघ्याचं, पत्र्याचं, दुकानदार तुटक्या भाकऱ्या परत पाठवतो त्याचं. यजमान होते तेव्हा दुपारची गाडी गेली की घरी यायचे आणि जेवलीस का म्हणायचे. "आता गाडी जाती. मी आवाज ऐकती आनि जेवून घेती." एवढं सांगून त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

मी सतरावा प्रश्न वाचला. एकही शब्द बदलला नाही.

"दोन," त्या म्हणाल्या. "न्हाय, थांब. विरू दिवसाआड फोन करतोय. तीन."

"तीन?"

"तीनच. लई झालं का?"

मी टॅब काढला. तीनवर बोट ठेवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "आता ह्यानं तुझं काय हुतंय?"

खोटं बोलावं असं सुचलंच नाही. "माझं काम जाईल. ती रुद्राणी येईल परत."

त्यांचा हात परातीत थांबला. तवा तापत होता.

"मग दहा लिव."

"तसं नाही चालत."

"का न्हाय चालत? माझंच हाय नव्हं ते? मी दहा म्हनती. माझं काय, तीन काय नि दहा काय, गुडघा तोच ऱ्हाणार. तुझ्या आईनं शिकवलंय तुला. लिव दहा."

नियमात दोन्ही बसत होतं. उत्तर देणारीने शेवटी जो आकडा सांगितला तो धरायचा, असं पुस्तिकेत आहे. पान अकरा. दहा लिहिला असता तर मला कुणी खोटं म्हणू शकलं नसतं. उद्यासुद्धा, टेंभुर्णीतसुद्धा. मी इतकी वर्षं अशाच एखाद्या पानाच्या आधाराने जगले आहे.

मी तीन दाबला.

"लिवलीस?" त्यांना टॅबवरचं दिसत नव्हतं, चष्मा कोनाड्यात होता. "दहा लिवलीस न्हवं?"

"हो," मी म्हणाले. "दहा."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पिठाचा गोळा हातात घेतला. आत रेंज नव्हती. मी उठून दारात गेले, टॅब वर धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने फॉर्म गेला.

"गेलं का?" आतून विचारलं.

"गेलं."

"मग ये. आता पानी पी."

मी आत जाऊन पाणी प्यायले.